आकोसिताआत्याचे पाय आणि मी

मित्रांनो, मी एक जुना पायसीकारक आहे. नाव जड वाटले ना? तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक वाक्य असते: पित्तरस स्निग्ध पदार्थांचे पायसीकरण करतो. ते वाक्य पाठ करून तुम्ही एक गुण मिळवता आणि विसरून जाता. पोटात पित्तरस जे करतो, तेच मी भांड्यात करतो. तेल आणि पाणी एकत्र ओतले की दोघे लगेच वेगळे होतात. मी मध्ये उभा राहतो. एका हाताने तेलाला धरतो, दुसऱ्या हाताने पाण्याला, आणि सोडत नाही. सोडले की सगळे फुटते. खरे सांगायचे तर या कामाने मी आता फार थकलो आहे.

कारखान्यातले माझे नाव ग्लिसरील स्टिअरेट. इथे प्रशांत महासागरातल्या टोंगा देशात, वावाऊ बेटावर मात्र सगळे मला मेण म्हणतात. मी मेण नाही. पण इतकी वर्षे मेण म्हणवून घेतल्यावर भांडायची ताकद उरलेली नाही. सध्या मी एका प्लास्टिकच्या बादलीत, कडांना आणि बुडाला चिकटलेला, थोडासा उरलो आहे.

माझा जन्म तेलातला. दूरच्या मुलखात ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या फळांपासून तेल काढतात. त्यातली मेदाम्ले वेगळी करून ग्लिसरीनबरोबर मोठ्या बंद कढयांत तापवतात. पुढे त्यात किंचित साबणही घालतात, म्हणजे मला एकट्यालाही काम निभावता येते. मग मला थंड, फिरत्या रुळावर ओतले आणि पात्याने खरवडले. मी पांढऱ्या कपच्यांचा ढीग झालो. ना चव, ना वास, ना रूप. गोणीत भरून जहाजावर चढवले. टोंगाच्या मोठ्या बेटावर उतरलो आणि तिथून बोटीने वावाऊच्या नेइआफू बंदरात आलो. त्या बोटीवर माझ्या शेजारी एक डुक्कर बांधले होते. वाटभर ते माझ्या गोणीची शिवण चघळत होते.

मला मागवले होते सेमिसी बेकरीवाल्याने. त्याची बेकरी त्याच्या घराच्या अंगणातच होती. त्याचा पाव होड्यांतून लांबच्या लहान बेटांवर जाई, आणि तिथे पोचेपर्यंत वाळून कडक होई. मला कोमट पाण्यात कालवून त्याने पिठात घातले आणि पाव मऊ राहू लागला. रविवारी इथे सगळे बंद असते. दुकान नाही, मासेमारी नाही, कपडे वाळत घालणेसुद्धा नाही. बेकरीला तेवढी संध्याकाळी मुभा. उपासना आटोपून, इथल्या अदबीच्या रिवाजाने कमरेला चटया गुंडाळलेली माणसे रांगेत उभी राहत. "सेमिसी, तुझ्या हाताला गुण आहे बाबा," असे म्हणत. सेमिसी लाजून पीठ झटके. माझे नाव कोणी घेत नसे. मला त्याचे दुःख नव्हते. ती माझी चांगली वर्षे होती.

इस्पितळातला फेलेती नावाचा नर्स अधूनमधून येऊन माझा एक वाडगा मागून नेई. खरजेवरचे मलम करायला मी लागत असे. त्या मलमात मिसळून मी कितीतरी लेकरांच्या बोटांच्या बेचक्यांत गेलो. रात्रभर खाजवून रडणारी पोरे झोपू लागली. "सेमिसीदादा, तुझ्या मेणाचं पुण्य तुला लागो," फेलेती म्हणे. सेमिसी म्हणे, "पुण्य नको. वाडगा तेवढा परत आण. मागचे दोन अजून तुझ्याकडेच आहेत."

मग सेमिसीची बायको गेली. पाठोपाठ पिठाने त्याच्या छातीत घर केले. पोते उघडले की त्याचा श्वास अडकू लागला. डॉक्टरांनी पीठ सोडायला सांगितले. एका सकाळी त्याने भट्टी पेटवली नाही, आणि ती पुन्हा पेटलीच नाही. मी निम्म्याहून अधिक उरलो होतो. त्याने मला गोणीतून बादलीत ओतले, झाकण लावले आणि टेबलाखाली सरकवले. वर पावाचे रिकामे साचे रचले. झाकणाच्या खाचेत पालीने अंडी घातली. पिल्ले निघाली, गेली. मी तसाच.

सेमिसीची मुलगी लेसिएली तेव्हा ऑकलंडला होती. तिथल्या वृद्धाश्रमात ती नोकरी करी. रोज सकाळी म्हाताऱ्या माणसांचे पाय हातात घ्यायचे, तळवे बघायचे, क्रीम लावायचे, हे तिचे काम. बापाची छाती बिघडली म्हणून ती रजा काढून आली. रजा वाढवली. पुन्हा वाढवली. शेवटी तिकडच्यांनी तिच्या जागी दुसरी बाई नेमली. अंगणातला कचरा त्या दिवशी तिने दोनदा झाडला.

त्याच वर्षी मोठे वादळ आले आणि आकोसिताआत्याच्या घराचे छप्पर उडवून घेऊन गेले.

आकोसिता ही सेमिसीची थोरली बहीण. नवरा वारलेला, मुले परदेशी. मित्रांनो, टोंगात आत्या म्हणजे काय ते मी बादलीत बसून शिकलो. लग्न असो की मयत, भावाच्या घरी सगळ्यात वरची जागा आत्याची. चांगल्यातली चांगली चटई तिला. तिने मागितले तर नाही म्हणायचे नाही. आणि बहीण मोठी झाली की भावाने तिच्यापासून अदबीने दूर राहायचे. तिच्या खोलीत जायचे नाही, तिच्यासमोर अचकटविचकट बोलायचे नाही, तिच्या शरीराविषयी तर चकार शब्द काढायचा नाही. म्हणून आत्या सामान घेऊन अंगणात उतरली, त्याच दुपारी सेमिसीने आपले अंथरूण गुंडाळले आणि तो माझ्या शेजारी बेकरीत राहायला आला. कोणी त्याला सांगितले नव्हते. सांगावे लागतच नाही.

आत्याबरोबर चटयांची चळत आली, एक पाठीवर ठिपके असलेली डुकरीण आली आणि तेलाच्या बाटल्या आल्या. तिच्या हातच्या खोबरेल तेलाला बेटभर नाव होते. चंदनाची साल आणि मोसोकोईची पिवळी फुले घालून ती ते दिवसचे दिवस उन्हात मुरवी. घरात पाय ठेवल्या ठेवल्या तिने कारभार हातात घेतला.

"लेसिएली, ऑकलंडला म्हाताऱ्यांचे पाय चोळायला शिकलीस. चहा करायला विसरलीस वाटतं?"

"चहा उकळतोय, आत्या. तो तुमच्यासारखा घाईचा नाही."

"बघ, बघ! जीभ मात्र तिकडून धार लावून आणलीय."

बोलणे असे, पण चहाचा पहिला घोट घेऊन आत्या म्हणाली, "आलं घातलंस. बरं केलंस."

काही दिवसांनी लेसिएलीने साचे बाजूला करून माझी बादली ओढली. झाकण उघडल्यावर किती दिवसांनी मला उजेड दिसला! तिला क्रीम करून विकायचे होते. पण पहिल्याच वेळी तिने गरम तेलात मला वितळवले आणि वरून गार पाणी ओतले. मी जागच्या जागी गोठलो. धरायला हात पुढे केले तेव्हा तेल एकीकडे आणि पाणी दुसरीकडे निघून गेले होते. ती बाटली आत्याने उपासनेहून परतलेल्या बायकांसमोर उन्हात उंच धरली.

"ही बघा आमच्या पोरीची विद्या. वर तेल, खाली पाणी, आणि मधे आमच्या घराण्याची अब्रू!"

बायका खोखो हसल्या. लेसिएलीही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. दुसऱ्या खेपेला तिने दोन पातेली घेतली. एकात तेल आणि मी, दुसऱ्यात पाणी. दोन्ही सारखीच गरम केली, मग एकात एक ओतली आणि निवेपर्यंत ढवळत राहिली. या वेळी मी दोघांना घट्ट धरले. पांढरेशुभ्र, मऊ क्रीम झाले. गावातल्या मुली ते लावून रविवारी गायला उभ्या राहू लागल्या. बंदरात शिडाच्या होड्या घेऊन येणारे पाहुणेही नेऊ लागले. आत्या मात्र बोट लावीना. "तेलात पाणी घालून विकायचं, याला आमच्या वेळी फसवणूक म्हणत," एवढेच म्हणे.

आता मी ज्यासाठी हे सगळे सांगतो आहे, तिथे येतो.

बेकरीतून घराचा ओटा दिसतो, आणि ओट्याच्या फळ्यांचा आवाज येतो. सेमिसी संध्याकाळी माझ्या बादलीवर बसून तो आवाज ऐकत असे. एकदा त्याने लेसिएलीला हाक मारली.

"काय गं, त्या ओट्याच्या फळ्या ढिल्या झाल्यात का?"

"नाही बाबा. का?"

"एक फळी नीट वाजते. पुढची घासल्यासारखी वाजते. मग पुन्हा नीट. पुन्हा घासल्यासारखी."

लेसिएली त्याच्याकडे बघत राहिली. त्याने नजर भट्टीकडे वळवली होती.

"बघ जरा," तो म्हणाला. "फळ्यांचं म्हणतोय मी."

तिला कळले. आत्याला साखरेचा आजार होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. गोळ्या उशाशी असत, कधी घेतल्या जात, कधी नाही. पण पाय कोणी पाहिलेच नव्हते. आत्याचा झगा घोट्यापर्यंत, त्यावर कमरेची चटई, तीही वादळानंतर ती आणखी लांबीची गुंडाळू लागली होती. आणि हल्ली आत्या तेल जास्त लावी. इतके की खोलीत चंदनाशिवाय कसला वास येऊ नये.

लेसिएलीने सरळ विचारून पाहिले. "आत्या, जरा पाय बघू?"

"हा वृद्धाश्रम नाही!" आत्या कडाडली. "आणि मी पगार देऊन ठेवलेली म्हातारी नाही."

तेव्हा लेसिएलीने वेगळी वाट धरली. ती आत्याच्या पुढ्यात जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मला तुमचं तेल हवंय. दुकानच्या तेलाचं क्रीम कसलं ते. तुमच्या तेलाचं करीन."

"आणि पाणी घालशील त्यात?"

"घालीन. पण तुमच्या नावानं सांगीन सगळ्यांना."

आत्याने सगळ्यात जुनी बाटली काढून दिली. "सांडलंस तर घरात घेणार नाही," म्हणाली, जणू घर तिचेच होते.

त्या तेलाला धरताना मला वेगळे वाटले. इतक्या वर्षांत कोणी इतक्या कष्टाने केलेले तेल माझ्या हाती दिले नव्हते. क्रीम झाले. आत्याने ते मनगटावर चोळले, हुंगले, पुन्हा चोळले.

"चिकट नाही राहत," ती नाइलाजाने म्हणाली.

"टाचेला लावून देऊ?"

"डाव्या टाचेला लाव. उजवा पाय राहू दे."

"का?"

"तो झोपलाय. त्याला उठवू नकोस."

लेसिएलीचा हात वाडग्यातच थांबला. मी त्या वाडग्यात होतो. साखरेच्या आजारात पाय असा बधिर होतो, हे तिला वृद्धाश्रमात कळले होते. पण तिने घाई केली नाही. रोज सकाळी ती डावा पाय मांडीवर घेई. टाचेवरच्या भेगा कोरड्या नदीसारख्या होत्या. त्यांत मी शिरे आणि तेलाचा, पाण्याचा अंश तिथे सोडून येई. हळूहळू भेगा मिटू लागल्या, आणि आत्याचे तोंड उघडू लागले. ती बालपणीचे सांगे, नवऱ्याच्या खोड्या सांगे. एकदा तिने आपल्या मैत्रिणीची, लोसेची गोष्ट सांगितली.

"लोसे दोन पायांनी इस्पितळात गेली. एका पायानं परत आली. मग चालणं नाही, उपासनेला येणं नाही. खाटेवर पडून छताकडे बघायची. एक दिवस बघायचीसुद्धा थांबली."

"लोसेमावशी उशिरा गेल्या होत्या, आत्या."

"उशीर कुणाला म्हणायचं ते डॉक्टर ठरवतात. कापायला लवकर, वाचवायला उशीर." आणि मग हलकेच, "उजवा राहू दे हं."

लेसिएली बाहेर येऊन पाण्याच्या टाकीला टेकून उभी राही. दमून जाई ती. अंगमेहनतीने नाही. एक पाय हातात आणि दुसरा डोळ्यांसमोर झाकलेला, याने.

तो रविवार मला कायम आठवेल. सकाळची उपासना संपली. आत्या नेहमीप्रमाणे ताठ चालत घरी आली, ओट्यावरून आत गेली आणि खुर्चीत बसली. लेसिएली माझा वाडगा घेऊन तिच्या मागोमाग निघाली आणि ओट्यावरच थबकली. फळ्यांवर लाल ठसे उमटले होते. एका आड एक. सगळे उजव्या पायाचे.

आत्याने दारातून तिच्या नजरेचा माग घेत खाली पाहिले.

"हे कुणाचं रक्त?" तिने विचारले. "रविवारी कोंबडी कापली की काय कुणी?"

मित्रांनो, मी वितळवला गेलो आहे, खरवडला गेलो आहे, पण त्या प्रश्नाने जसा हादरलो तसा कधी हादरलो नाही. तिला ठाऊकच नव्हते.

लेसिएली आत गेली, गुडघ्यांवर बसली आणि तिने या वेळी विचारले नाही. चप्पल ओढली. ती तळव्यापासून सुटेना. छपराचा एक खिळा, वादळात उडालेल्यांपैकी, चपलेच्या तळातून आरपार घुसून पायात रुतला होता. तो घेऊन आत्या चर्चपर्यंत चालली होती, उभी राहून गायली होती आणि परत आली होती. आणि अंगठ्याखाली दुसरीच एक जुनी जखम होती. काळ्या कडांची, खोल.

आत्या त्या खिळ्याकडे बघत होती. "दुखलं नाही गं," ती म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "मला काही दुखलंच नाही."

इतक्यात सेमिसी अंगणातल्या खड्ड्यात निखाऱ्यांवर शिजवलेले जेवण घेऊन आला. नारळाच्या दुधात शिजलेल्या अळूच्या पानांच्या पुड्या, वर वाफ. रोज तो ते ओट्याच्या कडेला ठेवी आणि परत जाई. त्या दिवशी त्याने ठसे पाहिले. ते कुठे जातात ते पाहिले. त्याने जेवणाची टोपली खाली ठेवली आणि दाराबाहेर, दाराकडे पाठ करून, फळ्यांवर बसला.

"ताई."

"जेवण ठेव. लेसिएली घेईल."

"ताई, फळ्यांवर रक्त आहे."

"तुला फळ्यांबद्दल बोलायची फार सवय," आत्या आतून म्हणाली. "मला ऐकू जातं. पाय झोपलाय, कान नाही."

सेमिसीने श्वास घेतला. त्याच्या छातीतली घरघर मला वाडग्यात ऐकू आली.

"आज फळ्यांबद्दल बोलत नाही. तुमच्या पायाबद्दल बोलतोय."

लेसिएलीने मान खाली घातली. भावाने बहिणीच्या पायाचे नाव घेतले होते, तेही मुलीच्या देखत.

"आई असती तर तुझ्या थोबाडीत मारली असती," आत्या म्हणाली.

"मारली असती. आणि मग तुम्हाला उचलून इस्पितळात नेलं असतं."

"तू मला हुकूम करतोस, सेमिसी?"

"नाही. हुकूम तुमचाच. मी मागतोय. जन्मात कधी काही मागितलं नाही तुमच्याकडं."

"मागितलं होतंस. आंबा मागितला होतास. लहानपणी."

"आणि दिला नव्हतात."

"आंबट होता तो. तुझं पोट बिघडलं असतं."

सेमिसी हसला, की रडला, मला पाठमोऱ्या माणसाचे कळत नाही. त्याचे खांदे हलत होते. "मला बायको राहिली नाही," तो म्हणाला. "भट्टी राहिली नाही. पहाटे तुमचं पाऊल वाजलं की मला कळतं, दिवस उजाडला. तेवढं तरी ठेवा."

आत्याने डोळे मिटले. बाहेर तिची डुकरीण कुंपणाला अंग घासत होती. मग आत्या म्हणाली, "लेसिएली, माझी चांगली चटई काढ. इस्पितळात काय ही रोजची गुंडाळून जाऊ?"

शेजाऱ्याच्या गाडीत आत्या पुढे बसली, सेमिसी मागे उघड्यावर. फेलेतीची त्या दिवशी पाळी होती. त्याने पाय पाहिला आणि थट्टा केली नाही, तेव्हाच सगळ्यांना काय ते समजले. अंगठा गेला, शेजारचे बोट गेले. पाऊल राहिले. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे थांबला असता तर गुडघ्यापर्यंतचे बोलणे करावे लागले असते.

मी त्यात काही केले नाही, हे मला स्पष्ट सांगितले पाहिजे. माझ्या क्रीमने जखम बरी होत नाही. फेलेतीने लेसिएलीला बजावले, "हे जखमेवर लावायचं नाही, बोटांच्या बेचक्यांत तर नाहीच. आजूबाजूच्या कोरड्या कातडीला लाव. आणि लावायच्या आधी बघ. रोज. उजेडात."

"माहीत आहे रे. हेच करायची मी तिकडं."

"मग इथं का उशीर झाला?"

लेसिएली पट्टीचे सामान पिशवीत भरू लागली. फेलेतीने मग तो विषय काढला नाही. निघताना त्याने चहासाठी थांबवले, आणि चहात साखर घालू की नको हे आत्याच्याच समोर विचारले म्हणून शिव्या खाल्ल्या.

आत्या घरी आली ती काठी टेकत. फळ्यांचा आवाज आता आणखी वेगळा झाला: पाऊल, काठी, पाऊल. सेमिसी तो ऐकून मगच भट्टीपुढचा कचरा झाडायला उठे. पहिले महिने वाईट गेले. आत्या कोणाशी बोलेना. आरसा उलटा केला. तेल मुरत घालणे सोडले. लेसिएली रोज पाय मांडीवर घेई, आत्या भिंतीकडे तोंड करून बसे. कितीदा तरी मला वाटले, आता पोरगी वाडगा भिरकावून देईल आणि पहिल्या बोटीने निघून जाईल. एकदा तिने बॅग काढलीही होती. उघडून पाहिली, आत झुरळे निघाली, ती झटकून पुन्हा वर ठेवली.

मग गावात एक मयत झाली, आत्याच्या धाकट्या चुलतभावाची. आत्याला वरच्या जागेवर बसवले. मांडी घालता येत नव्हती म्हणून पाय पुढे पसरून बसावे लागले, आणि ते दोन बोटे नसलेले पाऊल सगळ्यांसमोर आले. बायका नजर चुकवू लागल्या. आत्याने सगळ्यांकडे बघून घेतले आणि काठी आपटली.

"काय बघायचं ते नीट बघा. चोरून काय बघता? आणि तू रे, उंचाड्या, इकडे ये. चप्पल काढ."

तो तिच्या भावकीतला चाळिशीचा गडी, मासेमारीच्या होडीचा मालक. "आत्या, इथं?" तो चाचरला.

"मी सांगितलेलं ऐकायचं नाही असं कधीपासून ठरलं? काढ!"

त्याने काढली. तळव्यावर लिंबाएवढा फोड होता. त्याला पत्ता नव्हता. लोक हसले नाहीत. त्या दिवसानंतर आत्या जिथे जाई तिथे भाच्यांना चप्पल काढायला लावी. सगळे तिला टाळायला बघत, पण आत्याला नाही म्हणायची इथे पद्धत नाही. फेलेती म्हणाला, "आता मला पगार कशाला देतात?"

मित्रांनो, या सगळ्यात मी संपत आलो. पावात, मलमात, मुलींच्या गालांवर आणि सर्वांत जास्त त्या दोन पावलांवर. मला थोडा जुना वासही येऊ लागला आहे. या आठवड्यात लेसिएलीने बादली आडवी करून चमच्याने खरवडले, तरी हातात यावे इतके काही आले नाही. नवी गोणी मागवली आहे. बोट मात्र समुद्र खवळल्यामुळे निघालेली नाही. मला माझ्या भावंडाची वाट पाहायचीही फारशी हौस नाही. धरून ठेवायचे काम आता त्याने करावे.

पण आज सकाळचे सांगतो. लेसिएली रिकामे हात घेऊन आत्याच्या पुढ्यात बसली.

"क्रीम संपलं, आत्या."

"मग आज तुला सुट्टी?"

"बघायला क्रीम लागत नाही."

तिने पाय मांडीवर घेतला, खिडकीकडे वळवला, टाच पाहिली, कड पाहिली, उरलेल्या बोटांची एकेक फट उघडून पाहिली. मी तिच्या शेजारी आणून ठेवलेल्या बादलीतून बघत होतो. इतके दिवस मला वाटत होते की तिच्या हातात मी आहे म्हणून ती रोज बसते.

"काय दिसतंय?" आत्याने विचारले.

"पाय दिसतोय. अख्खा नाही. पण आहे."

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी आपल्याला जपा म्हणून विनवणी करतात. मला तसे काही मागायचे नाही. मी झिजण्यासाठीच होतो. तुम्ही फक्त आज घरी जा, आणि तुमच्या घरात जे कोणी "मला काही दुखत नाही" असे म्हणत असेल, त्याला उजेडात बसवा. खाली वाका. चप्पल काढा. बघा.